ग्राहकसेवा संभाषणांतले विषय आपोआप ओळखणे

कस्टमर केअरला आलेले कॉल, चॅट, ईमेल, व्हॉट्सॲप मेसेज यांच्या ढिगातून लोक नेमकं कशाबद्दल बोलतायत ते कॉम्प्युटरने स्वतःहून शोधून काढायची ही पद्धत. बँका, मोबाईल कंपन्या, वीज कंपन्या, जेवण घरपोच देणारी ॲप्स सगळीकडे वापरतात. दोन प्रकार लोक कायम एकत्र करून टाकतात. एकात विषयांची यादी आधीच ठरलेली असते आणि मशीन फक्त कुठला कॉल कुठल्या खणात जाईल ते सांगतं. दुसऱ्यात यादीच नसते, मशीन सारखी सारखी बोलणी एकत्र करतं आणि गट तयार झाल्यावर बघायचं की हे काय आहे. या नोंदीत मुख्यतः दुसरा प्रकार आहे.

गरज का पडली ते कळायला मालाड-गोरेगावपासून ऐरोलीपर्यंतच्या कुठल्याही कॉल सेंटरचा फ्लोअर आठवा. कॉल संपला की एजंटने ड्रॉपडाऊनमधून कारण निवडायचं असतं, त्याला डिस्पोझिशन टाकणं म्हणतात, पण पुढचा कॉल लायनीत असतो, एएचटीचं म्हणजे एका कॉलला किती वेळ लागला त्याचं टेन्शन असतं, टीएल म्हणजे टीम लीडर मागे उभा असतो, मग जे वर दिसेल ते क्लिक नाहीतर सरळ ‘इतर’. महिन्याच्या रिपोर्टमध्ये ‘इतर’ फुगलेलं दिसतं आणि मॅनेजर विचारतो हे इतर म्हणजे काय. त्याचं उत्तर रेकॉर्डिंगमध्येच असतं पण ऐकणार कोण.

जुन्या पद्धतीत शब्द मोजायचे. कुठला शब्द थोड्याच मजकुरांत येतो म्हणून जास्त महत्त्वाचा, हा हिशोब कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडला आणि तो अजून वापरात आहे. २००३ मध्ये डेव्हिड ब्लाय, अँड्र्यू इंग आणि मायकेल जॉर्डन यांची एलडीए नावाची विषय शोधायची पद्धत आली. त्यात धरलंय की प्रत्येक संभाषण म्हणजे अनेक विषयांची सरमिसळ आणि प्रत्येक विषय म्हणजे ठरावीक शब्द जास्त येण्याची शक्यता. लांबलचक लेखांवर ते मस्त चालतं, पण ‘रिफंड कधी’ एवढ्याच चॅटवर बिचारं काय करणार, मोजायला शब्दच नाहीत. मराठीत आणखी एक भानगड, बिल, बिलाचं, बिलात, बिलावर हे शब्द मोजणाऱ्याला चार वेगळे शब्द वाटतात.

२०१८ मध्ये गुगलचं बर्ट हे भाषेचं मॉडेल, म्हणजे ढीगभर मजकुरावर शिकवलेलं सॉफ्टवेअर, आलं आणि त्यानंतर वाक्याचा अर्थच आकड्यांच्या लांब रांगेत बदलून, जवळजवळच्या रांगांचे गट करायची पद्धत रूढ झाली. मार्टेन ग्रूटेनडॉर्स्ट यांचं बर्टॉपिक हे विषय शोधायचं सॉफ्टवेअर याच वळणाचं, त्यावरचा पेपर २०२२ चा. यात कुठल्याच गटात न बसणारी बोलणी उणे एक नंबरच्या गटात टाकली जातात, म्हणजे मशीनचंही स्वतःचं ‘इतर’ असतंच, आणि पहिल्यांदा चालवलं की ते बऱ्यापैकी मोठं निघतं.

मुंबईत खरी गोची भाषेची. एक जण म्हणतो ‘अहो मीटर पळतोय नुसता’, दुसरा ‘बिल बहुत ज्यादा आया है’, तिसरा तेच रोमन लिपीत हवं तसं स्पेलिंग करून टाइप करतो. तक्रार एकच. पण मॉडेल कच्चं असेल तर गट विषयाचे न पडता भाषेचे पडतात, एक मराठीचा, एक हिंदीचा, एक रोमनचा, आणि डॅशबोर्डवर तीन वेगळे विषय म्हणून झळकतात. अनेक भाषांवर शिकवलेली मॉडेल यात बरीच बरी, तरी तपासावं लागतंच. कॉल असेल तर आधी आवाजाचं लिखाण करायचं, टेलिफोनचा आवाज साधारण ८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड झालेला, त्यात समोरचा माणूस लोकलच्या दारात उभा, मग ‘केवायसी’चं काय होईल सांगता येत नाही.

दुसरी हमखास पंचाईत एजंटच्या स्क्रिप्टची. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, कृपया लाईनवर राहा’ हे प्रत्येक कॉलमध्ये असल्यामुळे सगळ्यात मोठा विषय दिलगिरीच निघतो. म्हणून ग्राहकाचं आणि एजंटचं बोलणं आधी वेगळं करतात, आणि नेहमीचे शब्द गाळताना ‘नाही’ मात्र ठेवतात, कारण ‘पैसे आले’ आणि ‘पैसे नाही आले’ यातला सगळा फरक तिथेच आहे. शिवाय आपला माणूस पहिल्या वाक्यात मुद्द्यावर येत नाही, ‘जरा स्टेटमेंट हवं होतं’ म्हणून सुरू करतो आणि यूपीआयमध्ये पैसे कट झाले पण समोरच्याला पोचलेच नाहीत हे चौथ्या मिनिटाला निघतं, त्यामुळे फक्त सुरुवात वाचून विषय ठरवणारी सिस्टिम स्वस्त पडते पण फसवते.

गटाला नाव देणं हे काम अजून माणसाचंच मानावं. हल्ली चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-मॉडेल नावंही देतात, पण ती गुळगुळीत असतात, ‘बिलिंगविषयक समस्या’ वगैरे, ज्यावर कोणालाच काही करता येत नाही. ‘ऑटो-पे बंद केला तरी पैसे कटले’ असं नाव असेल तर काम कुठल्या टीमचं ते लगेच कळतं. आकड्यांत सरस ठरलेले विषय माणसाला समजतीलच असं नाही हे जोनाथन चँग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्येच दाखवलंय. त्यांची युक्ती सोपी होती, विषयातल्या शब्दांत एक उपरा शब्द घुसवायचा आणि माणसाला तो ओळखता येतो का बघायचं.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईभर लाईट गेली तेव्हा लोक कशासाठी फोन करतायत हे सांगायला मशीन लागलं नसतं. उपयोग आहे तो बारीक, पसरलेल्या तक्रारी पकडायला, म्हणजे एकाच फोन मॉडेलवर ओटीपी उशिरा येतोय असलं काहीतरी जे रोज थोडं थोडं येतं आणि कुणाच्या नजरेत भरत नाही. आणि नवीन प्लॅन आला, पावसाळा लागला की विषय बदलतात, तेव्हा गट परत पाडावे लागतात, मात्र तसं केल्यावर जूनचा सात नंबरचा गट आणि जुलैचा सात नंबरचा गट म्हणजे एकच विषय असेल याची गॅरंटी नसते, तरी रिपोर्टमध्ये दोघांची तुलना करणारे महाभाग भेटतातच.