जड फेर्मिऑन द्रव्यांतील चुंबकत्व व अतिसंवाहकता

सिरियम, यिटर्बियम, युरेनियम इ. मूलद्रव्यांच्या ज्या आंतरधातवीय संयुगांत अतिशय नीच तापमानाला संवहन-इलेक्ट्रॉनांचे परिणामी वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनाच्या शेकडो पट भरते, त्यांना जड फेर्मिऑन द्रव्ये म्हणतात. हे जडत्व अणूच्या एफ-कवचातील (आतील एका इलेक्ट्रॉन-कवचातील) चुंबकीय परिबले व संवहन-इलेक्ट्रॉन यांच्यातील कोंडो परिणामातून (संवहन-इलेक्ट्रॉन परिबलांना झाकून टाकतात त्या आंतरक्रियेतून) येते. लँथॅनमात सुमारे १% चुंबकीय गॅडोलिनियम मिसळले तरी अतिसंवाहकता (विद्युत् रोध पूर्णपणे नाहीसा होण्याचा गुणधर्म) नाहीशी होते, हे १९५८ पासून माहीत असल्याने चुंबकीय परिबलांनी भरलेले द्रव्य अतिसंवाहक होईल अशी अपेक्षा नव्हती.

फ्रँक श्टेग्लिख व सहकाऱ्यांना १९७९ मध्ये सिरियम-तांबे-सिलिकॉन (१:२:२) या संयुगात सुमारे ०.५ के. (केल्व्हिन) तापमानाला अतिसंवाहकता आढळली. नमुन्यानमुन्यांत फरक पडत असल्यामुळे हा अशुद्धींचा परिणाम असावा, अशी शंका तेव्हा घेतली गेली. तथापि संक्रमणाच्या वेळी विशिष्ट उष्णतेत होणारी मोठी उडी जड इलेक्ट्रॉनच अतिसंवाहकता घडविणाऱ्या जोड्या बांधतात हे दाखविते. शिवाय सिरियमाच्या जागी अचुंबकीय लँथॅनम असलेले तसेच संयुग अतिसंवाहक होत नाही. युरेनियम-बेरिलियम (१:१३) या संयुगातील संक्रमण १९७५ मध्येच दिसले होते, पण ते युरेनियमाच्या सूक्ष्म तंतूंमुळे असावे असे मानले गेले. ते संयुगाचेच असल्याचे १९८३ मध्ये दाखविण्यात आले. म्हणून या शोधाचा अग्रक्रम १९७९ च्या कार्यास देणे अधिक सयुक्तिक वाटते.

चुंबकत्व जोड्या मोडते की बांधते, हा यातील कळीचा प्रश्न होय. सिरियम-पॅलॅडियम-सिलिकॉन (१:२:२) हे सामान्य दाबाला सुमारे १० के.च्या खाली प्रतिलोहचुंबकीय (शेजारची परिबले परस्परविरुद्ध दिशांना असलेले) असते. दाब वाढविला की हा क्रम क्षीण होतो आणि तो जेथे लोपतो त्या सुमारे २.८ गिगॅपास्कालच्या आसपासच, ०.४ के.च्या खाली अतिसंवाहकता प्रकटते (१९९८). या अरुंद पट्ट्यावरून जोड्या जालकाच्या कंपनांऐवजी चुंबकीय चढउतारांनी बांधल्या जातात हे मत बळावले, आणि तेच आज अधिक ग्राह्य धरले जाते. युरेनियम-पॅलॅडियम-ॲल्युमिनियम (१:२:३) यात तर सुमारे १४ के.ला सुरू होणारा प्रतिलोहचुंबकीय क्रम २ के.च्या खालीही अतिसंवाहकतेबरोबर टिकून राहतो. युरेनियम-जर्मेनियम (१:२) यात दाबाखाली लोहचुंबकत्व व अतिसंवाहकता एकत्र नांदतात (२०००). तेथील जोड्यांत दोन्ही इलेक्ट्रॉनांची परिवलने (स्पिन) समांतर असावीत, असे मानतात.

जोड्यांच्या सममितीविषयी मात्र एकमत नाही. श्टेग्लिख यांच्या संयुगात ऊर्जा-अंतर (जोडी मोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेचे माप) काही दिशांना शून्य होते असे दीर्घकाळ समजले जाई. २०१४ मधील विशिष्ट उष्णतेच्या मापनांनुसार ते कोठेही शून्य होत नाही.