एकच रेघ आली म्हणजे दिवस गेलेच नाहीत?

यवतमाळ-वाशिमकडच्या गावांत एक समज पक्का बसलाय: दिवस गेलेत का ते पाहायच्या किटवर एकच रेघ आली की विषय संपला. मग बाई कपाशीच्या फवारणीला जाते, नाहीतर मेडिकलमधून पाळी येण्याची गोळी आणून खाते. हा समज चुकीचा आहे, अन् धोक्याचाही.

किट गर्भ पाहत नाही. लघवीत एचसीजी नावाचं संप्रेरक आहे का, एवढंच तपासते. गर्भ गर्भाशयात रुजल्यावरच, म्हणजे बीज सुटल्यावर साधारण ६ ते १२ दिवसांनी, ते तयार होऊ लागतं अन् दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं. म्हणून पाळी चुकायच्या आधी केलेली तपासणी बरेचदा फसते. पाळी चुकून आठवडा झाल्यावरची खूपच भरवशाची.

आशाताईकडे निश्चय किट फुकट मिळते. सकाळची पहिली लघवी घ्या, थेंब टाका, पाच मिनिटांनी बघा. तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरू नका. किटवरच्या ‘सी’ अक्षराजवळ रेघच नसेल तर ती किट बाद. एकच रेघ आली अन् पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा.

दोन-तीन महिने उलटल्यावर संप्रेरक फार वाढून क्वचित किट दिवस असूनही एकच रेघ दाखवते. तेव्हा सोनोग्राफीच खरी. अन् दोन रेघा आल्या तरी गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असू शकतो, ते किट सांगत नाही. ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर, रक्तस्राव असं काही झालं तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा.