जॉन हॅनकॉक सेंटर, शिकागो

अमेरिकेतील शिकागो शहरातील 100 मजली मिश्रवापराची इमारत. छतापर्यंत उंची 344 मी., अँटेनांसह 457 मी. बांधकाम 1965 मध्ये सुरू होऊन 1969 च्या सुमारास पुरे झाले. आराखडा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेतील वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहॅम आणि ढाक्यात जन्मलेले संरचना अभियंते फझलूर रहमान खान यांचा. 2018 पासून अधिकृत नाव '875 नॉर्थ मिशिगन ॲव्हेन्यू' असे आहे; लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले आहे.

सुरुवातीला या जागेवर दोन मनोरे उभारायचे होते, एक घरांचा आणि एक कार्यालयांचा. तसे केले असते तर जमीन व्यापली गेली असती आणि घरांच्या खिडक्यांसमोर कार्यालयाची भिंत आली असती. म्हणून दोन्ही एकावर एक रचले. खाली दुकाने आणि वाहनतळ, 13 ते 41 मजल्यांवर कार्यालये, 45 ते 92 वर सुमारे 700 सदनिका, त्याही वर प्रेक्षासज्जा आणि प्रक्षेपण यंत्रणा. घरी जाणारा माणूस जलद लिफ्टने 44व्या मजल्यावर उतरतो आणि तिथून दुसरी लिफ्ट धरतो. पोहण्याचा तलावही याच मजल्यावर आहे.

इमारत वर निमुळती होत जाते, त्याचे मूळ या वापरातच आहे. कार्यालयाला खोल, ऐसपैस मजला चालतो. घरात मात्र गाभ्यातल्या लिफ्टपासून खिडकीपर्यंतचे अंतर वाढले की आतल्या खोल्या अंधाऱ्या होतात. म्हणून तळाशी सुमारे 81 × 50 मी. असलेला मजला माथ्याशी 49 × 30 मी. एवढाच उरतो. वाऱ्याला अडणारा पृष्ठभागही वर कमी होतो, हा मोठाच फायदा.

वाऱ्याचा भार बाहेरची चौकट पेलते. चारही बाजूंवर तिरप्या पोलादी दांड्यांच्या प्रचंड फुल्या आहेत. एक फुली जवळपास 18 मजले व्यापते. दांडे कोपऱ्याच्या खांबांशी आडव्या तुळयांना मिळतात, त्यामुळे चारही बाजू एकजीव होऊन पोकळ नळीसारख्या वागतात. खांबांवरचा उभा भारही हे दांडे आपापसात वाटून देतात. परिणामी पोलाद लागले दर चौ. मी.ला सुमारे 145 किग्रॅ.; एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये ते 200 किग्रॅ.च्या वर आहे. या रचनेचा अभ्यास आधी इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मिकिओ सासाकी या विद्यार्थ्याने खान यांच्या मार्गदर्शनाखाली केला होता. हलणारी इमारत राहणाऱ्याला कितपत जाणवेल, हे पाहण्यासाठी खान यांनी शिकागोच्या विज्ञान संग्रहालयातील फिरत्या चबुतऱ्यावर माणसांना उभे करून, बसवून आणि झोपवून पाहिले. इतक्या उंचीवर घर करायचे तर हा प्रश्न हिशेबापेक्षा कमी महत्त्वाचा नव्हता.

खरे संकट जमिनीखाली आले. पाया म्हणून चिकणमातीतून खडकापर्यंत खोल विहिरी खोदून त्यांत काँक्रीट भरले होते. माती ढासळू नये म्हणून विहिरीत पोलादी नळकांडे घालतात आणि काँक्रीट ओतत ओतत ते वर ओढतात. काँक्रीट नळकांड्याला चिकटले, की त्याच्याबरोबर वर उचलले जाते, खाली पोकळी पडते आणि तीत माती शिरते. इथे तेच झाले. 1966 मध्ये सांगाडा वर चढत असताना एक खांब खचू लागला, तेव्हा दोष उघड झाला. काम थांबवले, पायाचे स्तंभ भोके पाडून तपासले आणि दुरुस्तीनंतरच पुढचे मजले चढवले. भार थोडा असतानाच हे लक्षात आले, हे नशीब. अशा पायात नळकांडे वर ओढताना त्याचे खालचे तोंड सतत ओल्या काँक्रीटच्या पातळीखाली बुडालेले ठेवावे लागते.

फुल्यांमुळे काही सदनिकांच्या खिडकीवरून जाड तिरपा दांडा जातो आणि त्या जागेचा प्रकाश कापतो. अशी घरे खपणार नाहीत, अशी भीती तेव्हा होती. पुढे दांड्याची खिडकी हीच त्या घरांची ओळख झाली.