पल्स कॉलम फ्लड झाला, पण कुठल्या बाजूने? कमी पल्स आणि जास्त पल्सचा घोळ

पल्स कॉलम म्हणजे एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव उलट दिशेने वाहवून एकातला पदार्थ दुसऱ्यात काढून घेणारा उभा पाइप, आणि फ्लड होणं म्हणजे त्यातला एक द्रव आत तुंबून भलत्याच टोकातून बाहेर पडणं. कॉलम फ्लड झाला असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो, कुठल्या बाजूने? कारण पुस्तकात शब्द एकच असला तरी ग्राफवर (आडवा पल्सचा जोर, उभा फ्लो) फ्लडिंगच्या दोन रेषा असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि दोन्हींचा इलाज बरोब्बर उलटा, एकात पल्स वाढवायचा आणि दुसऱ्यात उतरवायचा. परीक्षेत उलटं लिहिलं तर मार्क जातात, प्लांटवर उलटं केलं तर आधीच बिघडलेला कॉलम आणखी बिघडतो.

आधी सेटअप पटकन बघू. उभा पाइप, आत एकावर एक भोकं पाडलेल्या प्लेटा. जुनं क्लासिक माप म्हणजे साधारण ३ मिमीची भोकं, प्लेटच्या २३ टक्के भाग मोकळा आणि दोन प्लेटांमध्ये ५ सेंमी अंतर. वरून जड द्रव उतरतो, आपण न्यूक्लिअर फ्यूल रिप्रोसेसिंगचंच (वापरलेल्या इंधनातून युरेनियम, प्लुटोनियम परत काढणं) उदाहरण घेऊ म्हणजे नायट्रिक अॅसिडचं पाणी, आणि खालून हलका ऑरगॅनिक चढतो, डोडेकेनसारख्या पातळ करणाऱ्या तेलात (डायल्युएंट) ३० टक्के टीबीपी, म्हणजे ट्रायब्युटिल फॉस्फेट. पाणी सलग, ऑरगॅनिक थेंबांच्या रूपात. आता इतक्या बारीक भोकातून दोघं आपापले सरकत नाहीत, दोघांच्या सीमेवरचा ताण (इंटरफेशियल टेन्शन) अडवतो, म्हणून अख्ख्या द्रवालाच खालून वर-खाली ढकलायचं, हाच पल्स. ही आयडिया व्हॅन डाइकची, अमेरिकन पेटंट १९३५चं. रेडिओअॅक्टिव्ह प्लांटमध्ये हे ढकलायचं काम कॉम्प्रेस्ड हवा करते म्हणजे किरणोत्सर्गी भागात हलणारा पार्टच नको, ट्रॉम्बेच्या १९६४च्या प्लांटपासून आपल्याकडेही असेच कॉलम वापरात आहेत.

आता डावी बाजू, म्हणजे पल्स कमी पडला. हिशोब सोपा आहे. पल्सचा स्ट्रोक १ सेंमी आणि सेकंदाला एक पल्स असेल तर दर सेकंदाला १ सेंमी उंचीचा द्रव वर ढकलला जातो, आणि ऑरगॅनिक मुख्यतः वरच्या स्ट्रोकलाच भोकातून पलीकडे जातो, पाणी खालच्या स्ट्रोकला. मग तुम्ही ऑरगॅनिकच त्याहून जास्त वेगाने आत सोडला तर तो जाणार कुठे? ढोबळ गणित आहे, नेट फ्लो आणि वेव्हचा आकार धरला तर थोडं बदलतं, पण मुद्दा तोच. प्रत्येक प्लेटखाली ऑरगॅनिकचा थर साचतो, जाड होतो, खालच्या प्लेटपर्यंत पोचतो आणि शेवटी तळातूनच बाहेर पडायला लागतो. इथे थेंब बारीक झाल्यामुळे काही बिघडलेलं नाही, उलट ते एकमेकांत मिसळून थर झालेत. पल्स वाढवा, मोकळं होतं.

उजव्या बाजूला सगळं उलटं. पल्स इतका जोरात की थेंबांचा चुरा होतो. बारीक थेंब फार हळू वर चढतो, आणि खाली येणाऱ्या पाण्याचा वेग त्याच्या चढण्यापेक्षा जास्त झाला की तो पाण्याबरोबरच खाली वाहत जातो. दोन प्लेटांमध्ये बघितलं तर थर नाही, नुसतं दुधाळ. आणि हे ऑरगॅनिकही तळातूनच बाहेर!

म्हणजे बाहेरून लक्षण सेम. तळाच्या पाण्यात ऑरगॅनिक, वरून निघायचा ऑरगॅनिक कमी, वरचा इंटरफेस (दोन द्रवांची सीमा) हलतोय. रिप्रोसेसिंगमध्ये हे नुसतं सॉल्व्हंटचं नुकसान नाही, हेच पाणी पुढे इव्हॅपरेटरमध्ये जातं आणि टीबीपी, नायट्रिक अॅसिड आणि उष्णता एकत्र आली की ‘रेड ऑइल’ या स्फोटक मिश्रणाची भीती असते, म्हणून तिथे तापमान १३० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायचा दंडक आहे.

मग ओळखायचं कसं? काचेचा लॅब कॉलम असेल तर प्रश्नच नाही, डोळ्यांनी दिसतं, थर की दूध. पण किरणोत्सर्ग अडवणाऱ्या भिंतीमागच्या स्टीलच्या कॉलममध्ये तुमच्याकडे असतं डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे वरच्या आणि खालच्या दाबातला फरक, आणि ते सांगतं होल्डअप, म्हणजे आत ऑरगॅनिक किती टक्के आहे. इथेच खरी फसगत आहे. पल्स शून्याजवळून वाढवत नेला की होल्डअप आधी कमी होतो, मग तळ गाठतो, मग परत वाढतो. त्यामुळे एकच होल्डअप दोन वेगळ्या पल्सला मिळू शकतो, एकीकडे प्लेटखालचे थर, दुसरीकडे बारीक थेंबांचा ढग, आणि मीटरवर आकडा तोच. म्हणून एका रीडिंगवर निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत. पल्स जरासाच हलवा आणि होल्डअप कुठे जातो ते बघा, पल्स वाढवल्यावर उतरला तर तुम्ही डावीकडे, चढला तर उजवीकडे.

तरी लोक उजव्या रेषेच्या जवळच का चालवतात? कारण बारीक थेंब म्हणजे जास्त पृष्ठभाग, मास ट्रान्सफर (पदार्थ एका द्रवातून दुसऱ्यात जाणं) तिथेच चांगला. सेज आणि वुडफील्ड यांनी १९५४मध्ये ज्या अवस्था मांडल्या त्यात डाव्या रेषेला लागून मिक्सर-सेटलर अवस्था, प्रत्येक स्ट्रोकनंतर थर वेगळे होणारी, स्थिर पण एफिशियन्सी बेताची, पुढे एकसारखे थेंब पसरलेली डिस्पर्शन अवस्था, काम इथेच करायचं, मग अस्थिर पट्टा आणि मग फ्लडिंग. पल्स वाढवण्याचा फायदाही पूर्ण हाती लागत नाही म्हणा, कारण वर-खाली मिसळणंही वाढतं, आणि मोठ्या व्यासाच्या कॉलममध्ये तर ते जास्तच छळतं.

आणि उजवी रेषा जागेवर राहत नाही. रेडिएशनने टीबीपी तुटून डायब्युटिल फॉस्फेट तयार होतं, क्रड, म्हणजे दोन द्रवांच्या सीमेवरचा गाळ, साचतो, इमल्शन सुटायला वेळ लागतो, मग काल नीट चाललेल्या सेटिंगवर आज कॉलम फ्लड होतो आणि ऑपरेटर म्हणतो मी तर काहीच हलवलं नाही, खरंच म्हणतो तो. डाव्या रेषेचं मुख्य गणित पल्स आणि फ्लोचं, त्यामुळे ती बरीच भरवशाची, तरी स्टीलच्या प्लेटला तेलकट थर बसून ऑरगॅनिक चिकटायला लागला तर थेंब बनण्याची पद्धतच बदलते, तेवढं लक्षात ठेवा.

फीड वाढवत गेलं की दोन रेषांमधला पट्टा अरुंद होत जातो आणि एका ठिकाणी त्या वर मिळतात. त्या फ्लोच्या वर कुठलाच पल्स चालत नाही, वाढवा की कमी करा, फ्लडिंगच. तिथे नॉब फिरवत बसण्यात अर्थ नाही, फीड कमी करायचं, नाहीतर मोठ्या भोकांच्या किंवा जास्त अंतरावरच्या प्लेटा घालायच्या.