दोन हृदयं, एक वूंड: स्पेस मरीनच्या आकड्यामागची हकीकत

साध्या स्पेस मरीनला वूंड किती असाव्यात, म्हणजे त्या अतिमानव सैनिकाची मूर्ती किती घावांत पडावी, एक की दोन? वॉरहॅमर ४०,००० हा मूर्ती मांडून फाशांवर खेळायचा युद्धखेळ गेल्या तीन-चार वर्षांत खेळायला लागलेल्यांना हा वाद मुळात कळतच नाही, कारण त्यांनी कायम दोनच पाहिल्या आहेत. जुने खेळाडू मात्र अजून त्यावरून चिडतात. हा आकडा एकाचा दोन व्हायला तीस वर्षं लागली. तो झाला तेव्हाही सरळ मार्गाने झाला नाही.

कीर्ती आणि आकडे यांचं भांडण या खेळाहून जुनं आहे. १९व्या शतकात प्रशियाचे अधिकारी नकाशावर युद्धाचा सराव करत, तेव्हा पंच असे, तक्ते असत, पण दोन्ही बाजू समान असल्या पाहिजेत असा हट्ट नव्हता. खऱ्या युद्धात कुठे समान असतात? दोन्हीकडे सारखेच पॉइंट (मूर्तीची खेळातली किंमत) हवेत हा आग्रह बराच नंतरचा आणि छंद म्हणून खेळणाऱ्यांचा. तो आला आणि नेपोलियनच्या ओल्ड गार्ड या निवडक तुकडीला इतरांपेक्षा नेमकं किती वरचढ धरायचं यावर हमरीतुमरी सुरू झाली. तिथे निदान लढायांच्या नोंदी तरी आहेत. मरीनच्या बाबतीत पराक्रमाची बखर आणि पराक्रमाचा आकडा, दोन्ही नॉटिंगहॅममधल्या एकाच कंपनीच्या छताखाली लिहिले जातात. तरीही त्यांचा मेळ बसत नाही.

१९८७च्या पहिल्या नियमपुस्तकातला मरीन आज कुणी ओळखणार नाही. टफनेस (चिवटपणा) ३, म्हणजे रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाइतका. पॉवर आर्मर हे भारी चिलखत घातलेला असूनही सेव्ह ४+, म्हणजे फाशावर चार किंवा जास्त पडले तरच घाव चुकणार. गोष्टही त्याला शोभेल अशीच होती: टोळ्यांतली आणि रानटी ग्रहांवरची भांडखोर पोरं उचलायची, त्यांचे मेंदू धुवायचे आणि सम्राटासाठी लढायला सोडायचं. यात अतिमानव फारसा नव्हता. १९८८मध्ये कंपनीच्या मासिकात एक लेख आला आणि त्यात मरीनच्या शरीरात बसवल्या जाणाऱ्या १९ अवयवांची यादी आली. त्यातला पहिला अवयव म्हणजे दुसरं हृदय. एक हृदय फुटलं तरी गडी उभा राहतो. आज ज्याला आपण फ्लफ, म्हणजे खेळामागची गोष्ट, म्हणतो, त्यातलं मरीनबद्दलचं जवळजवळ सगळं या यादीवर उभं आहे.

आकडे तिच्यामागून धावत आले. १९९३च्या दुसऱ्या आवृत्तीत टफनेस ४ आणि सेव्ह ३+ होता, वूंड मात्र एकच. दोन हृदयं, एक वूंड. ही विसंगती तेव्हापासूनची.

यात कुणाचा आळस नव्हता, अडचण फाशाची होती. सहा बाजूंच्या फाशावर माणूस ३ आणि अतिमानव ४ एवढंच अंतर सोयीने मावतं. ५ केला की तो राक्षसांच्या रांगेत जातो, आणि मग राक्षसांना कुठे ठेवायचं? त्यामुळे फरक दाखवायला उरतात ते पॉइंट. आणि पॉइंट पाहिले तर गंमत आहे. १९९३मध्ये मरीन ३०चा आणि गार्ड्समन, म्हणजे साम्राज्याचा साधा माणूस-सैनिक, १०चा. पाचव्या आवृत्तीत १६ आणि ५. २०१७मध्ये १३ आणि ४. २०२०च्या शेवटी १८ आणि ५. आवृत्त्या बदलल्या, आकडे वरखाली झाले, पण एका मरीनचे गार्ड्समन साधारण तीन ते साडेतीन, हा भाव जवळजवळ तीस वर्षं फारसा हलला नाही. गोष्टींमध्ये मात्र तोच भाव एकास शंभर असा सांगितला जातो.

माझ्या मते खरी मेख फाशात नाही, दुकानाच्या फळीवर आहे. गोष्टीप्रमाणे लाखो ग्रहांच्या साम्राज्यात मरीन जेमतेम दहा लाख, एका चॅप्टरमध्ये, म्हणजे त्यांच्या एका पलटणीत, हजार. बहुतेक माणसं मरीन न पाहताच मरतात. टेबलावर मात्र निम्मे लोक मरीनच मांडतात, कारण सगळ्यात जास्त खपणारा खोका त्यांचाच. समोर मरीनच असणार हे प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून प्रत्येक जण मरीन मारणारी हत्यारं घेऊन येतो. १९९८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून एपीचा (हत्यार चिलखत किती भेदतं त्याचा) नियम ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा होता. बोल्टर या नेहमीच्या बंदुकीच्या गोळ्यांपुढे मरीनला पूर्ण ३+ सेव्ह मिळायचा, पण प्लाझ्मा किंवा क्रॅक मिसाइल लागलं की सेव्ह टाकायचाच नाही. मग प्लाझ्माच सगळीकडे. दुर्मीळ वीर असा रोजच्या मोजमापाचा गज झाला, आणि ज्या गजाने सगळं मोजायचं तो स्वतः लांब कसा ठरणार?

कंपनीलाही हे कळत होतं. २००४च्या अखेरीस मासिकाच्या ३००व्या अंकात ‘मूव्ही मरीन’ नावाची फौजेची यादी छापली होती. सिनेमातल्यासारखे मरीन हवेत ना, मग घ्या: मूठभर जणांतच सगळे पॉइंट संपतात आणि ते मूठभर समोरची आख्खी फौज कापत सुटतात. थट्टाच होती ती. पण थट्टेतला हिशोब बरोबर होता. मरीन गोष्टीइतका केला तर पाच मूर्तींत फौज पूर्ण होते, आणि पाच मूर्तींवर कुठली कंपनी चालत नाही.

आता त्या शब्दाबद्दल, कारण निम्मा गोंधळ त्याचाच आहे. आपल्याकडे खेळताना वूंड हा एकच शब्द तीन अर्थांनी फिरतो. फासा लागला की ‘वूंड झाली’. सेव्ह चुकला की ‘वूंड गेली’. आणि मरायचा राहिला की ‘अजून एक वूंड आहे’. म्हणजे होते ती वेगळी, जाते ती वेगळी आणि असते ती तिसरीच. इंग्रजी नियमपुस्तकातही हा घोळ आहेच, पण मराठीत त्याला जखम म्हणून पाहा: ‘दोन जखमा असलेला मरीन’ हा कुणाला धडधाकट वाटेल? काही जण म्हणून ‘जीव’ म्हणतात, व्हिडिओ गेममधल्यासारखं. मीही म्हणायचो. एकदा ‘हे दोन जिवांचे, ते एका जिवाचे’ असं मोठ्याने मोजत होतो तेव्हा आतून आईचा आवाज आला, ‘कोण रे दोन जिवांची?’ त्यानंतर वूंडच म्हणतो.

साध्या पायदळाला एकच वूंड होती तोवर या घोळाने कुणाचं अडत नव्हतं. झाली म्हणजे गेली, गेली म्हणजे मेला. २०१७मध्ये आठवी आवृत्ती आली, प्रायमारिस आले, आणि अडायला लागलं.

प्रायमारिस म्हणजे नव्या मरीनच्या उंच मूर्ती, दोन वूंड, दोन अटॅक. इथे क्रम उलटा होता हे ध्यानात घ्या. १९८८मध्ये गोष्ट आधी आली आणि आकडे मागून. २०१७मध्ये मूर्ती आणि आकडे ठरलेले होते, त्यांना गोष्ट शिवून दिली: दहा हजार वर्षं गुपचूप चाललेलं काम, १९ऐवजी २२ अवयव. तीन जादा अवयवांतला एक तर मरणाच्या दारात पोचलेल्या मरीनला पुन्हा उभा करतो. दुसरी वूंड कुठून आली, याचं हे पटेल असं उत्तर होतं. जुना मरीन एका वूंडचा, कारण त्याच्यात तो अवयव नाही. आवडो न आवडो, हिशोब लागत होता.

न आवडणाऱ्यांत मी होतो. कपाटात साठेक जुने मरीन, आणि त्यांच्या शेजारी नव्यांतला एक ठेवला की ते शाळेतल्या पोरांसारखे दिसायचे. २०१९च्या दिवाळीत भाचा आला होता. वय दहा, अवयवांची यादी तोंडपाठ. त्याला जुने दिले, मी गार्ड्समन घेतले. नऊ लासगन (त्यांच्या बंदुका), जवळून प्रत्येकी दोन गोळ्या, म्हणजे अठरा फासे. ४+ला लागतात नऊ, ५+ला वूंड होतात तीन, ३+चा सेव्ह एकीचा चुकतो. सरासरी एक मरीन आडवा, आणि त्या दिवशी फासे अगदी सरासरीने पडले. भाचा मूर्ती उचलून बघत राहिला. ‘मामा, ह्याला दोन हृदयं आहेत ना? मग एका गोळीत कसा मेला?’ मी गणित पुन्हा सांगितलं. प्रश्न गणिताचा नव्हताच.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२०च्या कोडेक्समध्ये, म्हणजे मरीनच्या फौजेच्या नियमपुस्तकात, जुन्या मरीनलाही दोन वूंड मिळाल्या. आमच्या घरी आनंद झाला हे कबूल करतो. पण गोष्टीच्या बाजूने पाहिलं तर हा तीन वर्षांपूर्वी घातलेल्या टाक्यांवर कात्री चालवण्याचा प्रकार होता. नव्या अवयवांनी दुसरी वूंड मिळते असं वाचकांनी धरलं होतं, आणि आता ती अवयवांशिवायही मिळते. मग ते तीन अवयव कशाला? समर्थक म्हणाले, दुसरी वूंड दुसऱ्या हृदयाची, ती १९८८पासूनच येणं होती. हा युक्तिवाद मला आवडतो, पण तो नंतर सुचलेला आहे. नियमांच्या अंगाने खरं कारण सरळ दिसतं: जुने खोके अजून विकायचे होते आणि एका वूंडचा मरीन कुणी घेत नव्हता.

आणि तो निर्णय अर्धवटच होता. ज्यांना दहा हजार वर्षांचा अनुभव आहे, ज्यांच्या अंगात तेच १९ अवयव आहेत, त्या केऑसच्या, म्हणजे सम्राटावर उलटलेल्या, मरीनना त्या दिवशी काहीच मिळालं नाही. त्यांच्यातल्या डेथ गार्डला २०२१च्या जानेवारीत मिळालं, थाउजंड सन्सना त्याच वर्षी पुढे. बाकीचे २०२२च्या उन्हाळ्यापर्यंत एका वूंडवर लढले. कालचा भरती झालेला पोरगा दोन वूंडचा आणि बंडखोर होरसबरोबर टेरावर (म्हणजे पृथ्वीवर) चालून गेलेला म्हातारा एकाचा. पॉइंट कमी होते ना, असं सांगितलं जाई. होते. पण आकड्यांनी फ्लफची एवढी उघड बेअदबी दुसऱ्या कुठल्या दोन वर्षांत केलेली मला आठवत नाही.

दोन वूंड सगळ्यांना मिळाल्या म्हणून मरीन टिकाऊ झाला, असंही नाही. त्याच २०२०च्या कोडेक्सबरोबर हेवी बोल्टरचं डॅमेज, म्हणजे एका घावात जाणाऱ्या वूंड, दोनवर गेलं. पुढे एकेका फौजेकडे डॅमेज २ची हत्यारं वाढत गेली, आणि मरीन पुन्हा एका फटक्यात जायला लागला. गज बदलला की सगळं त्या नव्या गजाने कापलं जाणारच. २०२२च्या एप्रिलमध्ये ‘आर्मर ऑफ कंटेम्प्ट’ नावाचं ठिगळ लावून समोरच्या हत्यारांची एपी एकने कमी केली. २०२३च्या दहाव्या आवृत्तीत मग एपीच सरसकट उतरवली.

मधल्या काळात ऑर्क (शत्रूंची एक जमात) टफनेस ५चे झाले, २०२१मध्ये. त्यावर फारशी ओरड झाली नाही. ऑर्क दांडगा असतो हे सगळ्यांना मान्य आहे, आणि तो दुर्मीळ आहे असं कुणी कधी म्हटलेलं नाही.

२०२२च्या ज्या उन्हाळ्यात केऑसला अखेर दुसरी वूंड मिळाली, त्याच उन्हाळ्यात त्याच कंपनीने होरसच्या बंडावरच्या ‘होरस हेरेसी’ या खेळाची नवी आवृत्ती काढली. तिथे दोन्ही बाजूंना मरीनच, बहुतेक वेळा समोरासमोर. साध्या टॅक्टिकल मरीनला तिथे वूंड एक ठेवली, आणि माझ्या ओळखीत तरी त्यावरून कुणी भांडलं नाही. माझ्या कपाटातले साठ जण दोन्ही खेळांत चालतात. शनिवारी त्यांना दोन वूंड असतात, रविवारी एक.