कंपनीच्या कारभारात कामगार कुठे?

डिसेंबर 1982. मुंबईत गिरणी संपाला वर्ष होत आलं होतं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 अशा निकालात मान्य केलं की, कंपनी गुंडाळण्याचा अर्ज सुनावणीला आला तर कामगारांनाही म्हणणं मांडता येईल. तोवर हा मामला भागधारक आणि धनको यांचाच समजला जाई. न्या. भगवतींनी बहुमताच्या बाजूने लिहिलं, आणि 1985 मध्ये कंपनी कायदाही बदलला: कंपनी बुडाल्यावर कामगारांचं देणं तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने चुकतं करायचं.

पण हे सगळं कंपनी बुडाल्यानंतरचं. कंपनी चालू असताना तिच्यावर लक्ष कोणी ठेवायचं, याचे नियम पुढे झाले ते गुंतवणूकदारांसाठी. कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून 2000 मध्ये भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 'कलम 49' आणलं; हे कलम शेअर बाजाराशी होणाऱ्या नोंदणी करारातलं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना स्वतंत्र (प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले) संचालक आणि लेखापरीक्षण समिती बंधनकारक झाली. सत्यम या आयटी कंपनीकडे हे दोन्ही होतं. तरी डिसेंबर 2008 मध्ये तिच्या संचालक मंडळाने प्रवर्तक राजू कुटुंबाच्याच मायटास कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. भागधारक खवळले आणि काही तासांत तो बेत मागे घ्यावा लागला. 7 जानेवारी 2009 ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी हिशेबातल्या खोट्या आकड्यांची कबुली दिली. शेअर कोसळला आणि हजारो कर्मचाऱ्यांना पुढच्या पगाराची धास्ती लागली. सरकारने मंडळ बरखास्त करून नवे संचालक नेमले, मग कंपनी टेक महिंद्राकडे गेली. नोकऱ्या बऱ्याच अंशी वाचल्या त्या या हस्तक्षेपामुळे, कलम 49 मुळे नव्हे.

2013 च्या कंपनी कायद्यात, कलम 166 मध्ये, संचालकांनी भागधारकांसोबत कर्मचाऱ्यांचंही हित पाहावं असं स्पष्ट लिहिलं गेलं. मला ही मोठी गोष्ट वाटते. पण ते पाळलं गेलं नाही तर कामगाराने नेमकं काय करायचं, याची वाट त्या कलमात नाही.

बुडालेल्या कंपनीच्या पैशातून आधी कोणाचं देणं चुकवायचं, ही रांग 2016 च्या दिवाळखोरी संहितेने पुन्हा आखली. कामगारांचं बरोबरीचं स्थान राहिलं, मात्र अवसायन (मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणं) सुरू होण्याआधीच्या 24 महिन्यांच्या देण्यापुरतंच. कंपनी त्याआधीच कित्येक वर्षं बंद पडली असेल तर या 24 महिन्यांत कमावलेलं वेतन असणार कुठून? जेट एअरवेजची विमानं एप्रिल 2019 मध्ये थांबली. अवसायनाचा आदेश आला नोव्हेंबर 2024 मध्ये. कामगार संघटनांनी या मर्यादेला आव्हान दिलं होतं, पण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतली रक्कम या रांगेबाहेर ठेवली आहे, एवढा दिलासा. सामान्य भागधारक रांगेत सगळ्यात शेवटी. 2021 मध्ये गृहकर्ज देणारी डीएचएफएल पिरामल समूहाकडे गेली तेव्हा तिच्या जुन्या भागधारकांच्या हाती काहीच आलं नाही.

जर्मनीत 1976 पासून 2,000 हून अधिक कामगारांच्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळतात. आपल्याकडे त्याच वर्षी घटनेत 43अ हे मार्गदर्शक तत्त्व आलं: व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. त्यासाठीचं विधेयक 1990 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. त्याचा कायदा झाला नाही.