डिझेल व शेतीयंत्र मिस्त्रीकाम : मराठवाड्यातील शिक्षण

ट्रॅक्टर, ऑइल इंजिन, मळणी यंत्र, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, ऊसतोडणी यंत्र यांची देखभाल आणि दुरुस्ती करण्याचा हा व्यवसाय आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठही जिल्ह्यांत तो दोन वाटांनी शिकला जातो. एक वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे आयटीआयची. दुसरी गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली काम करण्याची. आयटीआयत मोजून काम करायची सवय लागते आणि गॅरेजात बिघाड ओळखायची नजर येते. यांपैकी एकाच वाटेने आलेल्या मिस्त्रीच्या कामात दुसऱ्या वाटेची उणीव हमखास दिसते.

ऑइल इंजिनापासून ट्रॅक्टरपर्यंत

विहिरीवरच्या मोटेची जागा पाच अश्वशक्तीच्या एक सिलिंडरच्या ऑइल इंजिनाने घेतली, आणि खेड्यापाड्यांतल्या जुन्या मिस्त्रींचे हात याच इंजिनावर बसले. दोन जड चाकांचे, मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेणारे हे इंजिन शिकायला सोयीचे होते, कारण पुशरॉड, पंप, नोझल असे बहुतेक भाग बाहेरून दिसत. ते सुरू करताना डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, खटका उचलायचा, हँडल मारून चाकाला गती द्यायची आणि मग खटका सोडायचा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा शिकाऊ पोराचा पहिला धडा असे. इंजिनाने उलटा झटका दिला की सैल धरलेले हँडल हातातून सुटते. अंगठा पलीकडून अडकलेला असेल तर तो मोडतो. पुढे वीज आणि पाणबुडी मोटारी आल्या, ऑइल इंजिने मागे पडली आणि हे कसब ट्रॅक्टरकडे वळले.

आयटीआय

देशातील शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. महाराष्ट्रातील आयटीआय राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. या व्यवसायाशी थेट संबंध असलेले ट्रेड तीन : मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक ट्रॅक्टर हे प्रत्येकी एक वर्षाचे, तर मेकॅनिक अ‍ॅग्रिकल्चरल मशिनरी दोन वर्षांचा. तिन्हींसाठी दहावी पास असावे लागते आणि प्रवेश ऑनलाइन, गुणांनुसार होतो. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयत हे तिन्ही ट्रेड असतातच असे नाही, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

सुरुवातीला कानस आणि हॅकसॉ हातात येतात आणि पुष्कळ मुलांना तिथेच कंटाळा येतो. पण त्यानंतर जे मोजमाप शिकवले जाते ते या शिक्षणाचे खरे देणे आहे. उदाहरणार्थ, लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या बदलता येणाऱ्या नळीची, झीज. बोअर डायल गेज आत सोडून वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी माप घ्यायचे आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी घ्यायचे. पिस्टनची वरची रिंग जिथे पोचते तिथे झीज सर्वांत जास्त सापडते, कारण तिथे दाब आणि उष्णता सर्वाधिक आणि ऑइल कमीत कमी असते. ही मापे घेतल्यावरच रिंगा बदलून भागेल की लायनर-पिस्टनचा संच घालावा लागेल हे ठरते. बऱ्याच गॅरेजांत हाच निर्णय लायनरमध्ये बोट फिरवून घेतला जातो. तो चुकला तर शेतकऱ्याला एका वर्षात दोनदा इंजिनकामाचा खर्च सोसावा लागतो. हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या क्रमाने आवळणे, टॅपेटची (व्हॉल्व्हजवळची) फट फिलर गेजने धरणे यांचेही तसेच आहे.

प्रशिक्षणानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली उमेदवारी करता येते. मराठवाड्यात यासाठी एसटी महामंडळाचे मोठे नाव आहे. महामंडळाच्या राज्यातील तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाण्याला आहे. ट्रॅक्टर विक्रेत्यांच्या कार्यशाळाही उमेदवार घेतात. शेतीयंत्रांचे खास प्रशिक्षण हवे असेल तर मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, मात्र तिथला अभ्यास अभियंत्याचा आहे, मिस्त्रीचा नव्हे.

गॅरेज

ट्रॅक्टरची गॅरेजे मोंढ्याच्या आसपास आणि शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर असतात. बोलणे मराठी आणि दखनी यांच्या मिसळीचे. अनेक गॅरेजांत उस्ताद आणि त्याच्या हाताखालची पोरे वेगवेगळ्या समाजांतली असतात आणि जेवणाचे डबे एकत्रच उघडतात. शिकण्याचा क्रम कुठे लिहिलेला नाही, तरी सगळीकडे सारखाच आढळतो. आधी सुटे भाग डिझेलमध्ये धुवायचे, नट पाहून तेराचा पाना लागेल की सतराचा हे सांगायचे. मग ऑइल-फिल्टर बदलणे, चाकांची बेरिंगे, ब्रेक, क्लच. क्लच प्लेट बदलायला ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात, आणि ते दोन भाग पुन्हा अचूक जुळवणे ही हाताची मोठी परीक्षा असते. हेडला हात उशिरा लागतो, पंपाच्या टायमिंगला, म्हणजे डिझेल फवारण्याच्या नेमक्या वेळेला, सर्वांत शेवटी. पंप आणि नोझल खोलून तपासायला पंपवाल्याकडे जातात, क्रँक लेथवाल्याकडे. कोणते काम कुणाकडे पाठवायचे हे कळणेही शिक्षणाचाच भाग आहे.

चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. तरी शाळा सुटलेली लहान पोरे गॅरेजात दिसतात, आणि ते दुःखद आहे. अंकगणित कच्चे राहिलेला कारागीर पुढे मायक्रोमीटर आणि कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअल यांच्यापाशी अडतो. वयाने मोठ्या आणि कामात मुरलेल्या मिस्त्रीला मात्र प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत (२०१५) पूर्वीच्या कौशल्याची चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळवण्याची सोय आहे.

बिघाड ओळखणे

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण सोळा ते अठरा पट दाबली जाऊन इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून बिघाडाचा शोध हवा, डिझेल आणि दाब या तिघांभोवती फिरतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त : एअर क्लीनर तुंबलेला, नोझल टपकणारे किंवा ओझे अति. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, बहुधा रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ असतोच. तो टिकला तर टायमिंग मागे पडलेले किंवा गास्केटमधून पाणी आत येत असलेले. उन्हाळी नांगरटीत काळ्या रानाची धूळ एवढी उडते की मार्च ते मेमध्ये काळ्या धुराची तक्रार आली तर आधी एअर क्लीनर उघडावा.

शेतात टाकी कोरडी पडली की इंजिन ‘एअर धरते’, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते आणि नुसते डिझेल भरून इंजिन सुरू होत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातखटका मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि अखंड धार आली की स्क्रू आवळायचा. तेच पुन्हा पंपावरच्या स्क्रूला. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट सैल करून स्टार्टर मारायचा, डिझेल उसळले की आवळायचे. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही नेऊ नये. दोनशे बारच्या आसपास दाब असलेले डिझेल कातडीत घुसते आणि जखम बाहेरून लहान दिसली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

हंगाम आणि मळणी यंत्र

गॅरेजचे वर्ष शेतीच्या वर्षाने चालते. जूनमध्ये पेरणी यंत्रे, ऑक्टोबरपासून रब्बीची पेरणी, त्यानंतर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचे क्लच आणि ब्रेक. खरी धांदल सोयाबीनच्या काढणीची. खंडेनवमीला पाने-हत्यारांची पूजा होते ती नेमकी या गर्दीत. अर्धी रास निघालेली, आभाळ भरलेले आणि मळणी यंत्र बंद, असा फोन आला की मिस्त्रीला रानात जावेच लागते. पैसे माल विकल्यावर मिळतात. उधारीची वही सांभाळणे हेही म्हणूनच शिकावे लागते.

सोयाबीनसाठी मळणी यंत्राच्या ड्रमची गती कमी करावी लागते. फेरे जास्त राहिले तर दाण्याची डाळ होते किंवा त्याला बारीक तडा जाऊन उगवण घटते. बियाण्यासाठी फेरे मिनिटाला साधारण ४०० च्या आसपास ठेवतात. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेले यंत्र फिरवणारा मागचा शाफ्ट, बहुधा ५४० फेऱ्यांचा असल्याने योग्य मापाची पुली निवडून हे साधते. मिस्त्रीने यंत्र सुरू करून देताना पीटीओ शाफ्टवरचे आवरण जागेवर आहे याची खात्री केलीच पाहिजे. साडीचा पदर, उपरणे, सैल बाही त्यात ओढली जाऊन माणसे हात आणि जीव गमावतात. मळणी यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रे (विनियमन) कायदा केला, तरीही ग्रीस मारायला अडचण होते म्हणून आवरण काढून टाकलेली यंत्रे रानात सर्रास दिसतात.

बदलते तंत्र

५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम स्टेज ४ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि त्यांत कॉमन रेल इंजिने, म्हणजे सर्व नोझलांना एकाच नळीतून जास्त दाबाचे डिझेल देणारी इंजिने, आली. त्यांच्या नळ्यांत दाब हजार बारच्या पुढे जातो, म्हणून नट सैल करून एअर काढण्याची जुनी रीत तिथे जीवघेणी ठरते. बिघाडाचा कोड स्कॅनरवर वाचावा लागतो, सेन्सरची वायर मल्टिमीटरने तपासावी लागते. ट्रॅक्टर कंपन्या हे प्रशिक्षण मुख्यतः आपल्या विक्रेत्यांच्या मिस्त्रींना देतात. बाहेरच्या गॅरेजवाल्याला ते सहज मिळत नाही. त्याच्यासाठी आयटीआयत संध्याकाळचे छोटे वर्ग भरवणे गरजेचे आहे. या भागातील बहुसंख्य ट्रॅक्टर अजून जुन्या, साध्या पंपाचेच असल्याने नव्या शिकाऊला पुढची बरीच वर्षे दोन्ही प्रकारची इंजिने हाताळावी लागतील.